नाही म्हणणारा माणूस

पत्रकांचा गठ्ठा विट्याहून एसटीनं यायचा. कंडक्टर तो फाट्यावर उतरवून ठेवायचा, चहाच्या टपरीवाला राखायचा आणि आमचे तात्या हातातलं काम टाकून तो आणायला सायकलवर निघायचे. तात्या म्हणजे माझे वडील. थोडी कोरडवाहू जमीन, चार शेळ्या आणि पाणी चळवळ, एवढा त्यांचा संसार. त्यांच्या वडिलांपर्यंत आमचं घर मेंढरांच्या मागं फिरत होतं. तात्या फिरायचे थांबले आणि बोलायला लागले, असं आई म्हणायची. कृष्णेचं पाणी आमच्या माळापर्यंत आलं पाहिजे आणि आलेलं पाणी सगळ्यांना सारखं मिळालं पाहिजे, ज्याला जमीन नाही त्यालासुद्धा, हे सांगण्यात त्यांचं तारुण्य गेलं. त्यांना कधी त्याची खंत वाटली नाही. मलाही वाटत नाही. पाणी शेवटच्या शेतापर्यंत अजून नीट पोचलेलं नाही, म्हणून ते सांगणंही थांबलेलं नाही.

गठ्ठा आला की बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली जायची. तात्या सुतळी सोडायचे, वरचं पत्रक नाकाला लावून शाईचा वास घ्यायचे आणि मग खणखणीत आवाजात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. कुणी ऐकत असो वा नसो, वाचल्याशिवाय घडी घालायची नाही हा आमच्या घरचा नियम होता. आत आई आणि शेजारच्या पारूकाकू भाकरी थापत असायच्या. वाचन संपलं की आम्ही घड्या घालायला बसायचो. आडवी एक, उभी एक, आणि घडीवर अंगठ्याचं नख फिरवायचं. कागद चर्र वाजायचा. आत थप थप, बाहेर चर्र चर्र. या दोन आवाजांत मी लहानाची मोठी झाले आणि कितीतरी वर्षं त्यातला एकच आवाज मला ऐकू येत होता.

वाचायला मी पत्रकांवरच शिकले. बाकीची पोरं ‘कमळ’ वाचत होती तेव्हा मला ‘जाहीर’ वाचता येत होतं. जोडाक्षरं ‘संघर्ष’ या शब्दानं शिकवली. माझं नावही पत्रकातूनच आलेलं आहे, समता. शाळेत ‘माझा आवडता पक्षी’ हा निबंध लिहायला सांगितला तेव्हा मी मोरावर लिहिलं आणि शेवट केला, ‘तरी मोराला संरक्षण मिळालेच पाहिजे.’ त्याखाली उजव्या कोपऱ्यात लिहिलं, ‘निमंत्रक, समस्त ग्रामस्थ.’ कागदावर काहीही लिहिलं की ते असंच संपतं, अशी माझी समजूत होती. गुरुजींनी तो निबंध सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. सगळे हसले. तात्यांना सांगितलं तर ते म्हणाले, “हसू दे. मोराचं म्हणणं मांडलंस का न्हाई? मग झालं.”

तर अशी मी सांगलीला समाजशास्त्र शिकायला गेले. वसतिगृहात माझ्या खोलीत मेढ्याची वर्षा होती. तिचं गाव डोंगरात, पाऊस लागला की चार महिने कपडे वाळत नाहीत असं. मी तिला पहिल्या दिवशीच समान पाणीवाटपाचं पत्रक दिलं. तिनं ते शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, “आमच्याकडं पाणी नको म्हणून मोर्चा काढावा लागंल बघ. तुमचं-आमचं मिळून काहीतरी जमवूया.” वर्षाची आई दर महिन्याला नाचणीच्या भाकरीचा डबा एसटीनं पाठवायची आणि माझ्या आईकडून शेंगदाण्याची चटणी यायची, लाल, तेल सुटलेली, लसूण सढळ हातानं घातलेली. दोन्ही गाड्या एका दिवशी पोचल्या की आम्ही मेसला जायचो नाही. खिडकीत बसून खायचं, भडंग तोंडी लावायचं आणि जगातल्या अन्यायांची एकेक करून वासलात लावायची. मी लय बोलायचे तेव्हा. अजूनही कमी बोलत नाही, पण आता मधेमधे ऐकतेसुद्धा. ते कसं शिकले त्याचीच ही हकिकत.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शोधनिबंध लिहायचा होता. माझ्या मार्गदर्शक होत्या शिकलगार मॅडम. ठेंगणी बाई, आवाज हळू, हातात कायम पेन्सिल. मी विषय आधीच ठरवला होता, आमच्या भागातली पाणी चळवळ. आणि तिच्याविषयी जगाला काय सांगायचं तेही लहानपणापासून ठरलेलं होतं. मॅडम म्हणाल्या, निबंध नंतर. आधी एका वाक्यात तुझं विधान लिहून आण. सगळा निबंध ज्या वाक्याच्या पाठीशी उभा राहणार ते वाक्य. मी तिथंच, उभ्या उभ्या लिहून दिलं, ‘पाणी ही सर्वांची संपत्ती असून तिचे समान वाटप झालेच पाहिजे.’

मॅडमनी वाचलं. पेन्सिल कागदावर आडवी ठेवली आणि विचारलं, “याला कोण नाही म्हणतंय?”

मी म्हटलं, सरकार. त्या म्हणाल्या, सरकार तर प्रत्येक भाषणात हेच म्हणतं. मग हे तुझं विधान कसं? ही तुझी मागणी आहे. मागणी चांगली आहे, मी तिच्याखाली सही करीन. पण शोधनिबंधात मागायचं नसतं, काहीतरी दाखवून द्यायचं असतं.

मी तणतणत खोलीवर आले. वर्षाला सगळं सांगितलं. ती पालथी पडून भात-लावणीवरचा आपला निबंध लिहीत होती. तिनं माझं वाक्य बघितलं आणि मान न उचलता म्हणाली, “खाली ‘हजारोंच्या संख्येने उपस्थित राहा’ लिहायचं राहिलंय गं.”

दुसरं वाक्य मी आठवडाभर घासून तयार केलं. ‘पाणी चळवळीत पत्रकांनी महत्त्वाची भूमिका बजावली.’ यात मागणी नव्हती, ‘च’ नव्हता, पाहिजे नव्हतं. मला ते अगदी विद्यापीठाच्या तोंडचं वाटलं. मॅडमनी पुन्हा तेच विचारलं, कोण नाही म्हणतंय? मी खूप विचार केला आणि कबूल केलं की कुणीच नाही. “मीही नाही म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “पहिल्या ओळीलाच मी हो म्हटलं, तर पुढची पानं कशाला वाचू?” मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजही माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. “समता, ज्याला नाही म्हणणारा माणूस दाखवता येत नाही ते विधान नव्हे. भांडकुदळ माणूस नको. शहाणा पाहिजे, ज्याला त्यातलं कळतं असा. तो आण, मग लिहायला बस.”

हे ऐकायला सोपं वाटतं. पण मी ज्या घरातून आले होते तिथं नाही म्हणणारा माणूस म्हणजे विरोधक. पत्रकात त्याचं काम एवढंच असतं की त्याचा निषेध करायचा. तो शहाणा असू शकतो, त्याचं म्हणणं बरोबर निघण्याची शक्यता धरून वाक्य लिहायचं असतं, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. पत्रक वाईट असतं असं मी म्हणत नाही. आजही लिहिते मी पत्रकं आणि त्यातल्या प्रत्येक ‘च’चा मला अभिमान आहे. पण पत्रक मत ठरलेल्या माणसांना गोळा करतं आणि निबंध मत न ठरलेल्या माणसाशी बोलतो. एकाचं काम दुसऱ्याला सांगितलं की दोन्ही बिघडतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या वाडीवर गेले ती पुरावे गोळा करायलाच. मोर्च्याला गेलेल्या बायकांना भेटायचं ठरवलं, कारण आमच्या भागातल्या मोर्च्यांत बायका भरपूर असायच्या आणि त्यांच्याविषयी कुणी काही लिहिलेलं नव्हतं. दारोदार फिरले. फोनमध्ये बोलणं रेकॉर्ड करून घेतलं. प्रत्येकीला विचारलं, पत्रक वाचून तुम्हाला काय वाटलं? जी ती पदर सावरून बसायची आणि म्हणायची, लय चांगलं वाटलं बाई. तात्यांचं पत्रक म्हंजी काय इचारता. वाडी एवढीशी, तात्या आमच्या अंगणात शेळीला पाला घालत असायचे आणि त्यांना सगळं ऐकू जायचं. मी खुशीत सांगलीला परतले. वर्षानं ते सगळं ऐकलं, चकली मोडत मोडत ऐकलं, आणि म्हणाली, “सगळ्या एकच बोलत्यात की. तू विचारलंयस का पढवलंयस?”

मला राग आला. पण तिचं पुढचं वाक्य मी विसरू शकले नाही. ती म्हणाली, “माझ्या आईला साताऱ्याला जायचं म्हटलं तर आदल्या दिवसापासनं घोळ. गुरांचं कोण बघंल, पोरांचं कोण करंल, म्हातारीला गोळी कोण देईल. तुमच्या बाया दिवसभराच्या मोर्च्याला घरातनं निघाल्या कशा गं?”

हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. मोर्च्यात बायका असतात, एवढं मी बघितलं होतं. त्या तिथं येतात कशा, हे बघितलं नव्हतं. पुढच्याच शनिवारी मी तासगावमार्गे विट्याची गाडी पकडली आणि थेट पारूकाकूंच्या चुलीपुढं जाऊन बसले. या वेळी पत्रकाचं नावच काढलं नाही. विचारलं, काकू, तुम्ही पहिल्या मोर्च्याला गेला त्या दिवशी घरातनं निघाला कशा?

पारूकाकू भाकरी परतता परतता बोलायला लागल्या आणि मग थांबेचनात. आदल्या दिवशी माझी आई दारात आली होती. डोक्यावर पाटी, पाटीत फडकं. मोर्च्याच्या भाकरी गोळा करायची आमच्याकडं रीतच आहे. ज्याच्या घरी जेवढं असेल तेवढं द्यायचं, कुणी दोन भाकरी, कुणी दहा, कुणी नुसत्या मिरच्या. आई प्रत्येक उंबऱ्यावर टेकायची. गाडी कुठं लागणार, किती वाजता परत येणार, पायात काय घालायचं, कुणाचं पोर कुणाकडं ठेवायचं, कुणाच्या म्हशीची धार कोण काढणार, हे सगळं त्या उंबऱ्यावर ठरायचं. पारूकाकूंच्या सासूबाई कुरकुरल्या तेव्हा आईनं त्यांनाच शेजारच्या तीन घरांच्या पोरांची मुकादम नेमलं आणि त्या खूष झाल्या. हे सांगताना काकू तव्यावरची भाकरी विसरल्या.

न राहवून मी विचारलंच, “आणि पत्रक? पत्रक नव्हतं आलं?”

“आलं हुतं की,” काकू म्हणाल्या. “तुझ्या आईनं चटणी त्यातच बांधून दिली हुती. त्याल लागून निम्मी अक्षरं गेल्याली. मोर्च्यात आमी चटणी खाल्ली आन त्याला हात पुसलं.”

मी सगळ्यात साधा प्रश्न विचारला. वाचलं नव्हतं, तर जायचं हे ठरलं कसं?

काकूंनी माझ्याकडं असं बघितलं की ही पोरगी शिकून येडी झाली. “आगं, भाकरी दिली न्हव का. आपली भाकरी म्होरं जायाची आन आपुन घरात बसायचं व्हय?”

मी त्या दिवशी आणखी घरं फिरले. आता कुणी पदर सावरत नव्हतं. बायका हसत होत्या, एकमेकींना खोडत होत्या, एकीनं तर मोर्च्यातून परत येताना कुणाची चप्पल बदलली त्याचा निकाल माझ्यासमोर लावून घेतला. आणि सगळ्यांच्या सांगण्यात ती पाटी येत होती. संध्याकाळी मी माळावर एकटीच मोठमोठ्यानं बोलत चालले होते. आपल्याला काहीतरी सापडलंय, जे आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, हा आनंद मला त्याआधी माहीत नव्हता. मोर्च्यात घोषणा दिल्यावर अंगात येतं तसंच, पण त्यात मी एकटी होते. आणि मग घर दिसलं. अंगणात तात्या नवीन पत्रकाचा मजकूर लिहीत बसले होते, चष्मा नाकावर, मांडीवर पाट. मला तेव्हा कळलं की हे निबंधात लिहायचं म्हणजे या माणसाला सांगायचं की तुम्ही आयुष्यभर जे लिहिलं ते बायकांनी चटणी बांधायला घेतलं. त्या रात्री मी जेवताना फारशी बोलले नाही. आईनं विचारलं, बरं न्हाई का? तात्या म्हणाले, इचार करतीया, करू दे.

सांगलीला जाऊन मी वाक्य लिहिलं ते असं. ‘पत्रकांनी काहीही साधले नाही, पाणी चळवळ भाकरीने चालवली.’ मॅडमचं घर आष्ट्याला होतं. रविवारी तिथं गेले. दारापर्यंत ऊस, अंगणात हळद वाळत घातलेली, आणि मॅडम घरच्या साडीत, तरी कानावर पेन्सिल होतीच. त्यांनी आधी खायला दिलं, मग वाक्य वाचलं आणि त्यांना हसू फुटलं. “हे परत पत्रकच झालं की. नुसती बाजू बदललीस.”

मग आम्ही दुपारभर त्या एका वाक्याशी झगडलो. त्या विचारत होत्या आणि मी खोडत होते. सगळी चळवळ? नाही, मला फक्त बायकांचं कळलंय. सगळ्या बायकांचं? नाही, आमच्या वाडीच्या आसपासच्या. काहीही साधलं नाही, हे तुला ठाऊक आहे? नाही, ठाऊक नाही. मग जे ठाऊक आहे तेवढंच लिही. प्रत्येक शब्द कापताना मला वाटायचं, आता हे लहान झालं, दुबळं झालं. पण झालं उलटंच. जितकं कमी बोलत गेलं तितकं ते वाक्य ठाम होत गेलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, “आता ‘कारण’ घाल. ‘पाहिजे’ची सवय आहे ना तुला? त्याच्या जागी ‘कारण’ लिही.” चहा तिसऱ्यांदा झाला तेव्हा कागदावर हे होतं:

‘आमच्या भागातील पाणी-मोर्च्यांत बायका आल्या त्या मुख्यतः पत्रकांतील मागण्यांमुळे नव्हे, तर आदल्या दिवशीच्या भाकरीच्या फेरीमुळे; कारण दिवसभर घर सोडण्यासाठी लागणारी व्यवस्था त्या फेरीत ठरत असे.’

मॅडमनी पेन्सिल उचलली नाही. फक्त विचारलं, याला नाही म्हणणारा माणूस आहे?

“आहे एक,” मी म्हटलं.

“शहाणा आहे?”

“लय.”

“मग त्याला ऐकव.”

मी सांगितलं की ते माझे वडील आहेत. मॅडम माझ्या बशीत आणखी एक लाडू ठेवत म्हणाल्या, “चांगलं झालं. पत्ता शोधायला नको.”

निबंध साताऱ्याला एका कॉलेजातल्या चर्चासत्रात वाचायचा होता. मी घरी फोन केला आणि तात्यांना सगळं आधी सांगून टाकायचं ठरवलं, कारण माणसाला जे बोलायचं ते तोंडावर बोलायचं हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते. पण ते मला बोलूच देईनात. त्यांनी वाडीभर करून टाकलं होतं की लेक पत्रकांवर निबंध वाचणार आहे. ते म्हणाले, “आत्ता काय सांगू नगं. सभेतलं सभेत ऐकतो.” चर्चासत्राला ते सभाच म्हणत राहिले.

त्या दिवशी तात्या इस्त्रीचा सदरा घालून आले, खांद्याला पिशवी, पिशवीत जुनी पत्रकं. कुणी पुरावा मागितला तर असावा म्हणून. आई नवं लुगडं नेसली होती आणि दशम्यांचं गाठोडं सोडायला तयार नव्हती. वर्षा मेढ्याहून आली होती, तिनं दोघांना पुढून दुसऱ्या रांगेत बसवलं. पहिल्या रांगेत शिकलगार मॅडम. मी उभी राहिले, कागद दोनदा सारखे केले. मोर्च्यात ट्रॅक्टरवर चढून मी न घाबरता बोलले आहे. पण तिथं समोरची माणसं आपली असतात. इथंही आपलीच होती, हीच अडचण.

मी वाक्य वाचलं. तात्यांचा चेहरा मला दिसत होता. आधी त्यांना ते नीट कळलं नाही असं वाटलं, मग मान एका बाजूला कलली, मग पिशवीवरचा हात घट्ट झाला. मी वाचत गेले. पाटी, उंबरे, म्हशीची धार, मुकादम झालेली सासू. चटणीचा भाग आला तेव्हा सभागृह हसलं. मी ते वाक्य गाळलं असतं तर चाललं असतं, आदल्या दिवशी गाळायचं मनातही आलं होतं. पण मग मी तात्यांची मुलगी कसली? शेवटचं पान संपलं. अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही प्रश्न आहे का?

तात्या उठले. एक मुलगी माईक घेऊन धावली, त्यांनी तो हातानंच बाजूला केला.

“प्रश्न न्हाई,” ते म्हणाले. “मला हे मान्य न्हाई.”

अध्यक्षांनी आपण कोण असं विचारलं. तात्या म्हणाले, “ते महत्त्वाचं न्हाई. मुद्दा ऐका.” आणि त्यांनी मुद्दा मांडला, शांतपणे, एकही शब्द वाया न घालवता. भाकरी गोळा झाल्या हे खरं. पण कशासाठी द्यायची हे कळल्याशिवाय कोण भाकरी देतं? लग्नाची का जत्रेची का मोर्च्याची, हे कुणी सांगितलं? आणि निबंधवाल्या बाई म्हणतात पत्रकात चटणी बांधली. “बांधली आसंल. पण म्हंजी पत्रक त्या घरात पोचलं, का न्हाई पोचलं?”

आता टाळ्या पडल्या, हशाही पिकला. मी उत्तर दिलं. पोचलं, पण वाचलं गेलं नाही, कारण मी ज्या बायकांशी बोलले त्यांतल्या बहुतेकींना तेव्हा वाचता येत नव्हतं आणि तेलानं अक्षरं गेली होती. तात्या म्हणाले, अक्षरं गेली तरी कागद कुणाचा ते कळत हुतं. मी म्हटलं, कागद कळल्यानं म्हशीची धार निघत नाही. ते म्हणाले, धार काढून मोर्चा हुत न्हाई. अध्यक्ष घड्याळ दाखवायला लागले, पण कुणालाच आम्हाला थांबवायचं नव्हतं. आणि मधेच मला जाणवलं की तात्या चिडलेले नाहीत. त्यांचे डोळे चमकत होते. मोठ्या सभेत तोडीचा माणूस समोर आला की ते असे दिसायचे. माझ्याशी बोलताना मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. तोवर मी त्यांचं म्हणणं पुढं नेणारी पोर होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी समोरचा माणूस झाले.

मी पहिल्या रांगेकडं बघितलं आणि म्हटलं, “मॅडम, आणलाय.”

मॅडमनी मान हलवली आणि कानावरची पेन्सिल काढून पर्समध्ये ठेवून दिली.

परतीच्या गाडीत भांडण चालूच होतं. आईनं साताऱ्यात कंदी पेढे घेतले होते. ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. रहिमतपूर गेलं तरी आम्ही थांबेना तेव्हा ती म्हणाली, “आवं, तुमचं मिटलं की सांगा. दशम्या सोडते.” आई, तू सांग, कुणाचं बरोबर? मी विचारलं. आईचं म्हणणं निराळंच होतं. तिनं विचारलं, “पारूचं नाव घ्यातलंस. माझं का न्हाई घ्यातलं?” मी समजावलं की स्वतःच्या आईचं नाव कसं घ्यायचं, म्हणून मी ‘एक कार्यकर्ती’ असं लिहिलंय. ती म्हणाली, “पाटी माझी हुती.” छापील निबंधात तिचं नाव आहे. पहिल्याच पानावर.

पुढच्या महिन्यात घरी गेले तेव्हा फाट्यावर टपरीवाल्यानं हाक मारली, तुमचा गठ्ठा आलाय. मोर्चा तर कुठलाच नव्हता. गठ्ठा डोक्यावर घेऊन घरी आले. तात्यांनी सतरंजी अंथरली होती. सुतळी सोडली, वास घेतला आणि खणखणीत आवाजात वाचलं, “पत्रक आधी की भाकरी? एका लेकीस बापाचे जाहीर उत्तर.”

आमच्या घरात मतभेद असेच मिटतात, छापून. आत आई आणि पारूकाकू भाकरी थापायच्या थांबल्या. तात्या वाचत होते आणि मी ऐकत होते, आणि ऐकता ऐकता मला जाणवलं की या पत्रकात एकही ‘पाहिजे’ नाही. निषेध नाही, खाली निमंत्रक नाहीत. मधोमध एकच वाक्य जाड अक्षरात होतं. ‘भाकरीच्या फेरीने बाया घराबाहेर आणल्या हे खरे, पण कशासाठी निघायचे हे त्या फेरीला पत्रकानेच शिकवले, कारण फेरीला निघणाऱ्या बायांनी ते आदल्या संध्याकाळी चुलीपुढे बसून ऐकलेले असे.’

मी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. आईचे हात पिठात होते. या खोलीत हे वाचन लहानपणापासून होत होतं, दर गठ्ठ्याला माझ्या कानावर पडत होतं, आणि ते माझ्या निबंधात कुठंच नव्हतं. मॅडमचा प्रश्न मी मनात विचारून बघितला. याला कोण नाही म्हणतंय?

मी पत्रक घेतलं. आडवी एक घडी, उभी एक, वर नख फिरवलं. तात्या माझ्याकडंच बघत होते.

“कसं झालंय?”

“चांगलं झालंय,” मी म्हटलं. “पण मला मान्य नाही.”

“मग ल्ही की,” ते म्हणाले आणि पत्रकांची निम्मी चळत त्यांनी घड्या घालायला माझ्यापुढं सरकवली. आत थप थप सुरू झालं.